थट्टेची करंजी

रविवार, १ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलंय, राग आला की तोंड उघडायचं नाही, वही उघडायची. बीपी वाढलंय. गोळ्या चालू आहेत, वर हे लिहिण्याचं औषध. ह्यांना पतपेढीतून मिळालेली डायरी कोरीच पडली होती, ती घेतली. पण सुरुवात आजच करावी लागेल असं वाटलं नव्हतं.

आज आमच्या श्रेयाचा साखरपुडा झाला. झाला म्हणायचं आणि गप्प बसायचं. आज मी तोंड उघडलं असतं तर डिलाईल रोडवरून पार करी रोड स्टेशनापर्यंत ऐकू गेलं असतं.

मुलगा कल्पेश, वरळी कोळीवाड्यातला, श्रेयाच्याच ऑफिसात आहे. मुलाबद्दल काही म्हणणं नाही, गुणी आहे. त्याची आई गुणवंती, दादरच्या मासळी बाजारात बसते. नवरा लवकर गेला. कल्पेशला आणि त्याच्या बहिणीला, किर्तीला, तिने एकटीने वाढवलं. म्हणून मी घरात सगळ्यांना आधीच बजावलं होतं, विहीणबाई एकट्या आहेत, जपून बोला, हळू बोला, त्यांच्यासमोर उगाच हसू-खिदळू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुभद्राआत्यांनीही डोलावली. तिथेच मला कळायला हवं होतं.

सुभद्राआत्या म्हणजे ह्यांच्या आत्या. ऐंशीच्या पुढे गेल्यात, तोंडात दात नावाला. चाळीत आमच्यापासून दोन दारं सोडून राहतात, म्हणजे झोपायला तिथे आणि बाकी सगळं आमच्याकडे. मी करंज्यांच्या ऑर्डरी घेते. लालबाग-परळमध्ये कोणाकडे लग्न असलं की करंजी माझी. सारण माझं, लाटणं माझं, मुरड मात्र आत्यांची. अशी बारीक, सुंभाच्या दोरीसारखी मुरड अख्ख्या गिरणगावात कोणाला जमत नाही. हे मी रागातसुद्धा कबूल करते.

तर आज फराळाच्या ताटल्या फिरत होत्या. विहीणबाईंची ताटली आत्या स्वतः घेऊन गेल्या. त्यात एकच करंजी, चांगली टपोरी. विहीणबाईंनी घास घेतला. चावला. थांबल्या. परत चावला. मी आपली जवळ जाऊन विचारलं, "कशी झालीय?"

"छान झालीय," म्हणाल्या, आणि चावतच राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं बाईंच्या, पण चावत राहिल्या.

मग आत्यांनी टाळी वाजवली. "विहीणबाय, कापूस गोड लागलो मां?"

करंजीत कापूस! माझ्या करंजीत! तोसुद्धा देवाच्या वातींचा, माझ्या डब्यातला!

अख्खी चाळ हसली. मलाही फस्सकन हसू आलं. मी पदर तोंडावर धरला, पण विहीणबाईंनी नेमकं पाहिलं. त्या स्वतः हसल्या नाहीत. तोंडातला कापूस काढला, नीट बघितला, उरलेली करंजी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. अंगठ्या घालून झाल्या तशा उठल्या. जेवायलाही थांबल्या नाहीत. "घशाशी कायतरी आलंय," एवढंच बोलल्या.

बावीस तारखेला लग्न आहे. म्हणजे सकाळपर्यंत तरी होतं.

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी आत्या नेहमीसारख्या चहाला हजर. जसं काही घडलंच नाही.

"आत्या, काल काय केलंत हे?"

"थट्टा केलंय."

"काय?"

"थट्टा गो. विहिणीची."

श्रेया मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "थट्टा कोण बोलतं आता, आजी? प्रँक बोल." आत्यांनी विचारलं, प्रँक म्हणजे काय. तिने दाखवलं. कोणीतरी मुलगा रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर पाणी ओतून पळतोय. आत्यांनी तोंड वाकडं केलं. "ह्या कसला? ह्येचो आणि तेचो संबंध काय?"

मग आत्यांनी माझी शिकवणी घेतली. टिंगल करतात ती वाईट. मस्करी कोणाचीही करता येते, बसच्या कंडक्टरचीसुद्धा. "पण थट्टा करूक नाता लागता. विहिणीची थट्टा, मेव्हण्याची थट्टा, भावजयेची थट्टा. ज्येका घरात घेतलो, तेची. माझ्या आवशीन सगळ्या विहिणींका कापूस खाऊक घातल्यान."

मी म्हटलं, आणि तुमच्या आईच्या त्या विहिणींनी काय केलं?

"काय करतली? उलटी थट्टा करून गेली. एकीन तर आमच्याच मांडवात येवन आवशीक मिरचेचो लाडू चारल्यान." एवढं सांगताना सुद्धा म्हातारीला हसू आवरेना. चहा सांडला.

मी काय सांगतेय आणि ह्या काय सांगतायत! समोरच्या बाईचा चारचौघांत अपमान झाला. तिने शिष्टाचार म्हणून "छान झालीय" म्हटलं आणि सगळे तिच्या शिष्टाचाराला हसले. मला कोणी असं केलं असतं तर मी त्या घराचं तोंड पाहिलं नसतं.

माझ्याशी असले चाळे कोणी करत नाही, ही गोष्ट वेगळी. टापच नाही कोणाची. आत ओट्याजवळ हे आणि श्रेया आणि आत्या खी-खी करत असतात, मी पाऊल ठेवलं की सगळे चिडीचूप. घराला शिस्त लागते. ती मी लावली म्हणून हे घर उभं आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

हद्द झाली. किर्तीने, म्हणजे होणाऱ्या नणंदेने, त्या कापसाचा व्हिडिओ काढला होता आणि तो टाकला इंस्टावर. अख्ख्या मुंबईने पाहिलाय. दुपारी लालबागच्या एक बाई ऑर्डर न्यायला आल्या, माझ्यासमोर दारातच करंजी फोडून आत बघितलं. वीस वर्षं माझ्या करंजीत कोणी बोट घातलं नव्हतं. संध्याकाळी खाली उभी असलेली पोरं ओरडली, "काकी, एक किलो कॉटन फ्लेवर!" मी वरून काय ओरडले ते इथे लिहीत नाही.

विहीणबाईंना चार वेळा फोन केला. उचलत नाहीत.

ह्यांना सांगितलं, तुम्ही बोला. हे म्हणाले, "बघू." लग्न झाल्यापासून हे बघतायत.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

कल्पेश आला होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांग, आई काय म्हणते?

आधी टाळत होता. मग म्हणाला, "काकी, त्या दिवशी घरी आली ती दार लावून रडली. खूप वेळ. पपांच्या नंतर मी तिला एवढं रडताना पाहिलं नव्हतं. विचारलं तर काही सांगत नाही."

मला एकदम तो रुमाल आठवला.

"आणि ती करंजी?"

"डब्यात ठेवलीय. वर, पपांच्या फोटोजवळ. कोणाला हात लावू देत नाही."

म्हणजे पुरावा! पुरावा म्हणून ठेवलीय. उद्या समाजाच्या माणसांसमोर ठेवेल आणि म्हणेल, बघा, हे असं खायला घातलं ह्या लोकांनी मला. काय उत्तर देणार आम्ही? आत्या शेजारीच बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि "बरां झाला," म्हणाल्या. बरं झालं! रडली ते बरं झालं! मी वाटाण्यांची परात उचलून आत नेली, नाहीतर माझ्या हातून काहीतरी झालं असतं.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज ठरवलं, कोण काय म्हणतं ते म्हणू दे, जाऊन माफी मागायची. आत्या दारात आडव्या. "सीमा, जाव नको. थट्टेची माफी मागलंस तर मगे तो अपमान झालो." मी म्हटलं, तो आठवड्यापूर्वीच झालाय. आणि गेले.

दादरच्या बाजारात रविवारची ही गर्दी. पायाखाली पाणी, साडीचा काठ भिजला. विहीणबाई आपल्या जागेवर, समोर पापलेट, हलवा, कोळंबीचे वाटे. आजूबाजूच्या बायका एकमेकींवर ओरडतायत, शिव्या देतायत, हसतायत. ह्यांच्याशी मात्र सगळ्या कशा हळू, अदबीने. गिऱ्हाईकसुद्धा घासाघीस करत नव्हतं. मला बरं वाटलं, मान आहे बाईंना.

मला पाहिलं आणि कोयता थांबला.

मी म्हटलं, "विहीणबाई, त्या दिवशी जे झालं त्याबद्दल मी..."

"थांब." आवाज असा की शेजारच्या दोघी गप्प झाल्या. "माफीबिफी मागू नको हां. मागशील तर मना खराच राग येल."

म्हणजे माफीच्या पलीकडे गेलंय प्रकरण. मी भिजलेला काठ पिळत तिथे उभी राहिले. आणि त्या माझ्याकडे अशा निरखून बघत होत्या, वरपासून खालपर्यंत, जणू मीच त्यांच्या पाटीतला मासा.

"हलदीला येतंय मी उष्टी हलद घेवन," म्हणाल्या. "तवा बोलू. सगल्यांसमोर."

आणि एक मोठं पापलेट कापून पिशवीत घातलं माझ्या. का घातलं ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक शेवटचं म्हणून. घरी कोणाच्या घशाखाली उतरेल असं वाटलं नव्हतं, पण आत्यांनी दोन तुकड्या खाल्ल्या आणि काटे चोखत बसल्या.

बुधवार, ११ फेब्रुवारी

ह्यांनी आज लालबागला विहीणबाईंना पाहिलं. गादीवाल्याच्या दुकानात! कापूस हातात घेऊन, ताणून, नाकाला लावून बघत होत्या म्हणे. ह्यांनी हाक मारली तर गडबडीने पिशवी पदराखाली घेतली.

हे सांगताना हसत होते. ह्यांना काही कळतच नाही. गादी आपण देणार आहोत. मुलीकडची गादी ठरलीय, ऑर्डर देऊन झालीय. मग त्या कशाला गादी बनवतायत? सरळ आहे. आपली नकोय त्यांना. आपल्या घरातला कापूससुद्धा नको आता. आणि एकदा का मुलीची गादी नको म्हटलं, की मुलगी तरी कशाला हवी?

शनिवार, १४ फेब्रुवारी

सगळ्यांना झालंय काय? डोकं फिरायची वेळ आलीय.

दुपारी आत्या गायब. दोन तास पत्ता नाही. म्हाताऱ्या माणसाला शोधायचं कुठे? मी खालच्या वाण्यापासून देवळापर्यंत फिरून आले. चारला आल्या. टॅक्सीतून! "डोळे तपासूक गेल्लंय," म्हणाल्या. मी म्हटलं, आज डॉक्टरांचा दवाखाना बंद असतो. "म्हणान तर परत इलंय." अंगाला सुकटीचा वास, बोटांना पीठ. डोळ्यांच्या डॉक्टरकडे कसलं पीठ? मी विचारलं तर कानाने ऐकू येत नसल्यासारखं केलं. सोयीनुसार बहिऱ्या होतात.

संध्याकाळी आतून हसण्याचा आवाज येत होता. मी गेले. हे, श्रेया, आत्या, तिघे भिंतीला टेकून बसलेले, मला बघून तिघेही एकदम गप्प. श्रेयाने नाकातून कसलातरी आवाज काढला. वर मलाच विचारते, "आई, तू करंजी कुठून खायला सुरुवात करतेस? टोकाकडून की मधून?" घरावर एवढं संकट आणि हिला करंजी कुठून खातात ते हवंय! मी ओरडले. डॉक्टरांनी नको सांगितलंय तरी ओरडले.

ह्या घराचा कारभार पहिल्यापासून असाच. मी नवी नवरी होते तेव्हा पहिल्याच सकाळी मला मिठाचा चहा मिळाला होता. साखर कुठली आणि मीठ कुठलं ह्याचा पत्ता नाही, असं घर. तेव्हापासून सगळं मी हातात घेतलं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज मी श्रेयाला गॅलरीत घेऊन बसले. म्हटलं, आईने मुलीला आधी तयार करावं, लोकांकडून कळण्यापेक्षा बरं. हळदीच्या दिवशी विहीणबाई सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार आहेत, काय ते मला कळून चुकलंय. मग विचारलं, "श्रेया, कल्पेशशिवाय राहू शकशील का गं?"

तिने ओढणीत तोंड खुपसलं. खांदे हलायला लागले. केवढी होती ही, ह्याच गॅलरीत कठड्याला धरून उभी राहायला शिकली. हिच्या आयुष्याचा चुराडा एका करंजीने व्हायचा होता. मी तिला जवळ घेतलं आणि मीही रडले. ती ओढणीतून डोकं बाहेर काढायलाच तयार नव्हती. शेवटी उठून आत पळाली.

आत्यांशी बोलणं मी बंद केलंय. त्यांना बहुतेक कळलेलं नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

उद्या हळद. मी माफीचं वाक्य पाठ केलंय. राग येऊ दे नाहीतर आणखी काही होऊ दे, त्या काही बोलायच्या आत मी बोलायचं. "विहीणबाई, चूक आमच्या घराची, शिक्षा मुलीला नको." एवढंच. पायाही पडेन. आजवर मी कोणापुढे अशी उभी राहिले नाही, पण श्रेयासाठी राहीन.

रविवार, २२ फेब्रुवारी, सकाळी

हॉलवर जायला अजून वेळ आहे. सगळे तयार होतायत. मला हे आत्ताच लिहायला हवं.

काल दुपारी उष्टी हळद आली. नुसती हळद नाही, बँड आला. कोळीवाड्याच्या बायका नऊवारीत, डोक्याला अबोली, नाचत आल्या. मी म्हटलं, लग्न मोडायला एवढा बँड कशाला? पण त्या वेळी माझं डोकं चालतच नव्हतं. विहीणबाई सगळ्यांत पुढे. चेहरा एकदम गंभीर.

मांडवात पाट मांडलेला होता. मला त्यावर बसवलं. सगळे गोल उभे राहिले, चाळ आणि कोळीवाडा. बँड थांबला. मी घसा खाकरला, माझं वाक्य सुरू करणार, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "आधी तोंड गोड कर. मंग बोल."

स्टीलचा डबा उघडला. आत एकच करंजी. चांगली टपोरी. मुरड बारीक, सुंभाच्या दोरीसारखी. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली, पण डोळ्यांसमोर फक्त श्रेया होती. मी घास घेतला.

वाचणाऱ्याला कळलंच असेल, मला तेवढं कळलं नव्हतं. कापूस. नुसता कापूस. चावतेय चावतेय आणि तो वाढतोय. आणि विहीणबाई माझ्याकडे वाकून, अगदी गोड आवाजात विचारतायत, "कशी झालीय?"

मी काय म्हणणार? मुलीच्या लग्नाचा प्रश्न. मी कापसातून म्हटलं, "छान झालीय."

मग जे झालं ते मी जन्मात पाहिलं नाही. कोळीवाडा ओरडला, चाळ ओरडली, बँडवाल्याने ढोल बडवायला सुरुवात केली. किर्ती मोबाइल घेऊन समोर. श्रेया खाली बसून मांड्या बडवतेय, तेव्हा मला कळलं की गॅलरीत त्या दिवशी ओढणीच्या आत काय चाललं होतं. हे भिंतीला धरून हसत होते, चष्मा हातात, डोळे पुसत. इतक्या वर्षांत ह्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आणि आत्या! आत्या पाटाशेजारी उभं राहून आपल्या पिठाच्या बोटांनी केलेल्या मुरडीची तारीफ सांगत होत्या. डोळे तपासायला गेल्या होत्या म्हणे.

विहीणबाईंनी माझी हनुवटी धरली आणि बोटांनी माझ्या तोंडातला कापूस काढला, लहान पोराच्या तोंडातून काढतात तसा. "देवाच्या वातीचा नाय हां," म्हणाल्या. "थट्टेला देवाचा कापूस कशाला? गादीवाल्याकरना आनलाय, चांगला पिंजून घेतला."

हसत होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"माझा घरवाला गेला ना बाय, तवापासून मना कोनी हसलंच नाय. सगले हलू बोलतान. भाव पन करीत नाय मेले. जशी मी आजारी हाय. तुझ्या आत्यान कापूस चारला, तू पदरान तोंड लपवून हसलीस, नि मना वाटला, आपून अजून मानसांत हाव. घरी जावन पोटभर रडले मी. आनि तू? तू माफी मागाय आलीस! सगल्या मजेचा सत्यानाश करनार होतीस."

मी हळू बोला म्हणून घरात सगळ्यांना बजावलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं. अजून कापसाचे धागे जिभेवर होते. मी खूप रागावलेही होते, खोटं कशाला लिहू. तीन आठवडे माझा जीव टांगणीला लावला ह्या सगळ्यांनी. श्रेयाला एक धपाटा घातला, ह्यांच्याकडे असं बघितलं की हे दोन पावलं मागे सरले.

नंतर आत्यांजवळ गेले. न बोलण्याचं ठरवलं होतं ते विसरून म्हटलं, "आत्या, निदान मला तरी सांगायचंत."

"तुका सांगितला तर थट्टा कशी?" मग माझ्या पदरावरचा कापूस उचलत म्हणाल्या, "तुझी थट्टा करूक तीस वर्सां थांबलंय मी. तू इलंस त्या सकाळी चायत मीठ मीच घातलेला. तू रडलंस, बॅग भरलंस, म्हायेराक जातंय म्हटलंस. तुझ्या सासऱ्यान सगळ्यांका शपथ घातल्यान, सीमाची थट्टा कोणी करूची नाय. तेव्हापासना कोणी केली नाय. सून म्हणान आणलेली, पण पावणी म्हणान रवलंस."

तो चहा. मला वाटत होतं मीठ चुकून पडलं होतं, आणि माझं वाकडं तोंड बघून सगळे हसले म्हणून मी बॅग भरली होती.

आज सकाळी पाचला उठले. आंघोळ करून आत जात होते, तर आतून हसण्याचा आवाज. हे, श्रेया, आत्या, तिघेही. श्रेया माझी नक्कल करत होती, तोंड फुगवून, "छाम झाईय, छाम झाईय." मी दारात उभी राहिले.

कोणी थांबलं नाही.

श्रेयाने माझ्याकडे बघून परत एकदा केली, आणखी मोठ्याने. ह्यांनी सरकून जागा दिली. मी बसले. आत्यांनी चहा पुढे केला. मी आधी वास घेतला, मग बोट बुडवून चाटलं, मग प्यायले. गोड होता. त्यावरही सगळे हसले आणि मी कप परत पुढे केला.

हॉलवर निघायचं आहे. श्रेया हाका मारतेय. ओल्या डोळ्यांनी काजळ नीट लागत नाही, परत लावावं लागणार.

कालची उरलेली करंजी मी रुमालात गुंडाळून वरच्या फळीवरच्या डब्यात ठेवलीय. कोणी हात लावला तर याद राखा.